मधला अर्ज

दुपारचे तीन वाजले आणि विद्यापीठांच्या सगळ्या आकड्यांवर पडदा पडला. कोणत्या विभागाला जागा किती आणि आतापर्यंत अर्ज किती, हे तोवर दिसत असतं. शेवटच्या दिवशी तीननंतर दिसत नाही. सहा वाजता दारं बंद होतात, तोपर्यंत जो अर्ज टाकायचा तो डोळे मिटून टाकायचा. सोलमधल्या आपल्या कचेरीत इन्सुक या वेळेला आंधळी कोशिंबीर म्हणायची आणि तिच्याकडे सल्ल्याला आलेल्या आया तेवढ्यापुरतं हसायच्या. आज ती कचेरीत नव्हती. देगूला भावाच्या घरी, तापवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर भाचीचा लॅपटॉप उघडा होता आणि या घरात हसायला कुणी तयार नव्हतं.

भाची म्हणजे येरिन, सोनेरी डुकराच्या वर्षातली. त्या वर्षी जन्मलेलं मूल नशीबवान निघतं असं कुणीतरी उठवलं आणि अख्ख्या देशाने घाईघाईने पाळणे हलवले. आता ती सगळी नशीबवान मुलं एकाच दारात उभी होती आणि एकमेकांच्या पायांवर पाय देत होती.

क, ख आणि ग असे विद्यापीठांचे तीन गट, आणि प्रत्येक गटात एकच अर्ज. त्यातला क गटातला दादाचा होता. सोल, विभाग कोणताही चालेल, पण सोल. तिथे येरिनचा पाड लागणार नाही हे इन्सुकने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण बापाच्या नाकासाठी एक अर्ज खर्ची घालावा लागतो हा तिच्या धंद्यातला जुना अनुभव. ग गटातला वहिनीचा. शिक्षिका व्हायचं कॉलेज, देगूतलंच, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. तिथे येरिन नक्की लागत होती. मधला, ख गटातला, तेवढा पोरीचा स्वतःचा होता. बुसानचं सागरविज्ञान. गुण बेताने पुरत होते, पण पुरत होते. गेले सहा महिने आत्या आणि भाची फोनवर या एका अर्जासाठी खपल्या होत्या.

अर्ज भरून तयार होता. शुल्क मात्र वहिनीच्या खात्यातून जायचं होतं, त्यासाठी तिच्या फोनवर तिचा अंगठा लागत होता. आणि फोन तिच्या एप्रनच्या खिशात होता.

"वहिनी, तीन वाजून गेले," इन्सुक स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली.

"घड्याळ आहे मला, ताई." जोंगनानवहिनी तव्यावर टोफूचे तुकडे उलटत होती. आज सासऱ्यांचं श्राद्ध. आठ वाजता वाडगे मांडायचे होते आणि अजून निम्मं तळण बाकी होतं. "तुम्ही बसा. दमून आलाय."

"मी दमले नाही. पोरगी दमलीय. काल रात्रीपासून जेवली नाही म्हणे."

"जेवेल. उपासाने कुणी मरत नाही." मरणाचं नाव तोंडून गेलं तशी वहिनीने जीभ चावली आणि तव्याखालची आच उगाच कमी केली.

इन्सुकने ते पाहिलं. सकाळी आल्यापासून तिला हेच जाणवत होतं. घरात भांडण असतं तर ती समजली असती. भांडणाऱ्या घरांवरच तिचं पोट होतं. इथे कुणी आवाज चढवत नव्हतं. सांगदोदादा बैठकीत वर्तमानपत्र अंथरून चेस्टनट सोलत बसला होता. श्राद्धाचे चेस्टनट घरातल्या पुरुषाने सोलायचे आणि त्यांना सुरीने गोटीसारखा आकार द्यायचा, एवढं एक काम तो वर्षातून मनापासून करायचा. आई आपल्या खोलीत होती, दार किलकिलं होतं आणि आतून ती कुणाशी तरी बोलल्यासारखी हळू आवाजात पुटपुटत होती. त्र्याऐंशीची बाई पुटपुटणारच, असं वहिनी म्हणाली होती. पण इन्सुकने दाराशी उभं राहून ऐकलं होतं. आई एक वाक्य बोलत होती आणि मग थांबत होती, जितका वेळ उत्तर ऐकायला लागतो तितका.

"वहिनी, मला एकदा सांगा तरी. ऑगस्टपर्यंत तुम्ही बुसानला हो म्हणत होतात. वसतिगृह कुठलं तेसुद्धा बघून ठेवलं होतंत. मधल्यामध्ये झालं काय?"

"मी फल्गोंगसानच्या पायथ्याला जाऊन आले."

"देवऋषिणीकडे?"

"हसा. हसायचंय तर हसा."

"मी कशाला हसू? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया आधी देवऋषिणीकडे जातात. मी दुसरं मत देते." वहिनी हसली नाही, तेव्हा इन्सुकने स्वर बदलला. "काय म्हणाली ती?"

"पाण्याजवळ पाठवू नका."

"एवढंच? या शब्दांत?"

वहिनीने तवा बाजूला केला, हात पुसले. बोलावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं, आणि इतके दिवस एकटीने सोसलेलं आता तिच्याच्याने आत राहतही नव्हतं. "या शब्दांत नाही. ह्यांनासुद्धा मी सगळं सांगितलेलं नाही. मी जन्मतिथी सांगितली. म्हटलं, पोरीचं कॉलेज बघायचंय, तीन अर्ज आहेत, कुठला लागेल ते सांगा. ती बाई चांगली गरम जमिनीवर बसली होती, ताई, माझे तळवे भाजत होते इतकी गरम. आणि तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. तिने एक पाय असा उचलून पोटाशी घेतला, लहान मूल घेतं तसा, आणि मला म्हणाली, हे लेकरू पाण्यात आहे. तुम्ही कॉलेज काय विचारता? एका पायात बूट नाही त्याच्या. आधी पाय कोरडे करा."

बैठकीतला सुरीचा आवाज थांबला.

"आवाज तिचा नव्हता," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी माघारी आले ती थेट पोरीच्या खोलीत गेले. ती झोपली होती, तिचे पाय चाचपले. कोरडे होते. तरी रोज रात्री उठून चाचपते."

दादा दारात येऊन उभा राहिला. हातात सुरी तशीच होती. "कुठल्या पायात नव्हता?"

"काय?"

"बूट. कुठल्या पायात नव्हता म्हणाली?"

"पाय सांगितला नाही. पण जो पाय पोटाशी घेतला तो डावा होता. का हो?"

दादा दाराला पाठ टेकून सरळ खाली बसला. साठीचा, पोटाने सुटलेला, बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पण इन्सुकला त्या क्षणी तो त्या हिवाळ्यातला दिसला, पोहांगच्या इस्पितळातून बाबांबरोबर परत आलेला. तेव्हाही तो असाच दाराशी बसला होता आणि कुणी काय विचारलं तरी बोलला नव्हता.

"होजिनच्या डाव्या पायात बूट नव्हता," तो म्हणाला. "मी आणि बाबांनी पाहिलं होतं. आईला सांगायचं नाही असं बाबा म्हणाले. मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही."

होजिन. पस्तीस वर्षांत हे नाव या घरात कुणी इतक्या मोठ्याने घेतलं नव्हतं. इन्सुकचा पाठचा भाऊ, शेंडेफळ. त्याला समुद्राचं शिकायचं होतं आणि बाबांनी त्याला कायद्याला बसवलं. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तो भर थंडीत एकटाच गुर्योंगफोच्या किनाऱ्यावर गेला. पाय घसरला की काय झालं, हे सांगायला कुणी नव्हतं. एकोणीस वर्षांचा, बिनलग्नाचा गेला, म्हणून त्याला श्राद्धाचा वाडगाही नाही. आईबापांनी लेकरापुढे वाकायचं नसतं आणि त्याच्यापुढे वाकायला त्याला मूलबाळ नव्हतं. त्याचा फोटो आईने काढून टाकला. समुद्राचं काही घरात येऊ द्यायचं तिने बंद केलं, बाबांच्या ताटातसुद्धा मासा नाही. देगूत श्राद्ध घालायचं आणि पानात मासा नाही, यावरून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तरी नाही.

"पण मी येरिनबद्दल विचारलं होतं," वहिनी म्हणाली. "त्या बाईला भावजींचं काय माहीत? मी नावसुद्धा घेतलं नाही."

इन्सुकला एकदम काहीतरी सुचलं आणि सुचलं ते आवडलं नाही. "वहिनी, तिथी कुठली सांगितलीत?"

"चांद्र तिथी लागते ना तिथे. मला कुठे त्या येतात? मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, डुकराचं वर्ष, आठवा महिना, चतुर्दशी."

शरदातल्या पौर्णिमेच्या सणाची आदली रात्र, होजिनची जन्मतिथी. होजिनला लहानपणी वेगळा केक कधी मिळाला नाही. उद्या सण आहेच, तेव्हा तांदळाचे मोदक खा, असं बाबा म्हणायचे आणि तो दरवर्षी रुसायचा. तोही डुकराच्या वर्षातलाच; ते दर बारा वर्षांनी येतं, आणि तो येरिनच्या तीन फेऱ्या आधीचा. तिथी चुकली हे कुणाच्या लक्षात आलं नाही ते त्यामुळेच. इन्सुक मात्र अडखळली ती पुढे. देवऋषिणीने येरिनचं वय ऐकून हिशेब मांडला असणार, म्हणजे कुंडली ना धड येरिनची झाली ना होजिनची. आणि तरी त्या बाईला नेमका तोच दिसला.

तिघंही आईच्या खोलीत गेली. येरिन तिथेच होती, आजीच्या पायांशी, पांघरुणात गुडघे घालून. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं आणि उरलेलं आजीने तिला तेवढ्यात सांगितलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आई, तू वहिनीला कुणाची तिथी सांगितलीस?" इन्सुकने विचारलं.

"माझ्या लेकराची," आई शांतपणे म्हणाली.

"तिने येरिनची विचारली होती."

"येरिनसाठी तू आहेस. तिचा बाप आहे, आई आहे. शाळा आहे, तुझा तो संगणक आहे. तिच्या परीक्षेच्या दिवशी विमानंसुद्धा उडवली नाहीत, पोरांना नीट ऐकू यावं म्हणून. माझ्या लेकराबद्दल कुणी विचारलं? मला मरायच्या आधी एवढंच कळायला हवं होतं, तो आहे कुठे. मी काय चुकून सांगितली असं वाटतं तुला? माझी अक्कल शाबूत आहे."

"आणि कळल्यावर? वहिनी रडत घरी आल्या, रोज रात्री उठतात, पोरीचा अर्ज अडवून बसल्या. तुला माहीत होतं की ते येरिनबद्दल नाही. गप्प का बसलीस?"

आईने येरिनच्या केसांवर हात ठेवला. "पोरगी समुद्रावर जायची थांबत होती. मी कशाला तोंड उघडू?"

इन्सुकला राग आला आणि त्या रागाखाली आईची इतकी कीव आली की तिला नीट रागावताही येईना. पण तिच्यातली धंदेवाली बाई जागी होती. तिने खिडकीकडे पाहिलं. डिसेंबरचा शेवटचा दिवस, उन्हं उतरत आली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "झालं ते झालं. वहिनी, आता तर कळलं ना? ते येरिनबद्दल नव्हतंच. अंगठा लावा आणि मोकळ्या व्हा."

वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू इन्सुकलाच वेड लागलंय. "मोकळी होऊ? ताई, आत्तापर्यंत मी मनाची समजूत घालत होते, की ती बाई काहीतरी बरळली. आता तुम्ही सांगताय की ते खरं आहे. म्हणजे भावजी अजून तिथेच आहेत. पाण्यात."

"म्हणून काय?"

"बुडालेला माणूस एकटा राहत नाही. सोबत मागतो. परक्याची नाही, रक्ताची." ती दाराला धरून उभी होती. "आणि मी माझी पोर त्यांच्याकडे पाठवू? बोटीवर?"

"गुर्योंगफो कुठे, बुसान कुठे!"

"पाणी एकच आहे, ताई."

इन्सुकने भावाकडे पाहिलं, निदान हा तरी बोलेल म्हणून. दादा म्हणाला, "जोंगनानचं बरोबर आहे." आयुष्यात पहिल्यांदा तो बायकोच्या बाजूने बोलला असेल, आणि तेही आजच.

"मला पोहता येतं, आई," येरिन म्हणाली.

"पट्टीचा पोहणाराच बुडतो."

"मग घरात बसून काय होईल? तो घरात बसलेलाच होता ना? दोन वर्षं त्याला खोलीत बसवून कायद्याची पुस्तकं दिली होती." पोरीचा आवाज थरथरला, पण थांबला नाही. "मी एकटीच आहे या घरात जिला त्याच्यासारखं व्हायचंय, आणि मला त्याचं नावसुद्धा आज कळलं."

आईने डोळे मिटले. दादाने मान खाली घातली. हे वाक्य सहा महिन्यांच्या तयारीत कुठेच नव्हतं. येरिनने पांघरुणाची शिवण ओढत विचारलं, "ती बाई म्हणाली ना, आधी पाय कोरडे करा. ते कसं करतात?"

"घरी बोलवतात," आई म्हणाली. "वाडगा मांडतात. पण त्याला कोण मांडणार? मी वाकू शकत नाही. तुझा बाप मोठा भाऊ. तोही नाही."

"मी लहान आहे त्याच्यापेक्षा," येरिन म्हणाली. "तो एकोणीसचा, मी अठराची. मी वाकते."

"बिनलग्नाच्या माणसाला..." दादाने सुरुवात केली.

"बाबा, तुमच्या रीतीत बसत नसेल. पण पुतणी तर बसते ना?"

आईने डोळे उघडले. इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात ही गोष्ट आली नसावी. आली असेल तरी वाकायला कोण, इथे येऊन थांबली असावी. ती उठली, कुणाचा हात न धरता उठली. "सांगदो, टेबल मांड. आत्ता. अंधार पडला की सुरू करू."

"आठला ठरलंय. आणि अर्ज सहाला बंद होतो, आई," इन्सुक म्हणाली.

"म्हणूनच आत्ता. आणि येरिनच्या आई, बाबांच्या पानाचं तुमचं चालू द्या, पण होजिनसाठी पाण्याचं आधण ठेवा. पाकिटातल्या नूडल्स आहेत ना घरात?"

"नूडल्स?" दादा जवळजवळ ओरडला. "श्राद्धाच्या पानात लसूण चालत नाही, तिखट चालत नाही. तिखटाने पितर पळून जातात!"

"तुझे बाबा पळतील. त्यांना काय खायचं ते कळत नव्हतं. होजिन शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी नूडल्स मागायचा. वर अंडं फोडून घाला," आई म्हणाली. "तो काय पितर आहे? पोरगा आहे."

अंधार लवकर पडला. दादाने टेबलामागे घडीचा पडदा लावला, मेणबत्त्या पेटवल्या, बाबांच्या नावाचा कागद उभा केला आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर बराच वेळ ब्रश धरून बसल्यावर त्यावर होजिनचं नाव लिहिलं. बोरं, सोललेले चेस्टनट, टोफू, मांसाचे तुकडे, दोन वाडगे भात, आणि होजिनच्या वाडग्याशेजारी लालभडक नूडल्सचं पातेलं. कुणी अनोळखी आत आला असता तर त्याला हसू आवरलं नसतं. पितरांना यायला वाट हवी म्हणून बाहेरचं दार थोडं उघडं ठेवलं होतं आणि तिथून थंडी जमिनीलगत आत येत होती.

बाबांसाठी दादा वाकला. मग येरिन पुढे झाली. तिने तांदळाच्या दारूचा पेला मेणबत्तीवरून फिरवून दोन्ही हातांनी ठेवला आणि कपाळ जमिनीला टेकवलं, पहिल्यांदा, मग पुन्हा. "काका, ये," ती म्हणाली. रीतीत असं काही बोलायचं नसतं. कुणी तिला टोकलं नाही.

मग पितरांनी जेवायचं आणि माणसांनी दूर व्हायचं. सगळी आईच्या खोलीत आली आणि दादाने दार ओढून घेतलं. घास घ्यायला जितका वेळ लागतो तितकं थांबायचं. मग घरातल्या कर्त्याने खाकरायचं, आम्ही येतोय म्हणून आतल्यांना सांगायला, आणि परत जायचं, ते पाणी घेऊन. गरम पाण्याचं भांडं वहिनीच्या समोर झाकून ठेवलेलं होतं. येरिनच्या मांडीवर लॅपटॉप होता. त्याच्या उजेडात पाचही जणांचे चेहरे दिसत होते आणि एकही नेहमीचा दिसत नव्हता.

"सहाला दहा मिनिटं," इन्सुक पुटपुटली. "वहिनी..."

"मला हात लावू नका, ताई."

इन्सुकने पुढे केलेला हात मागे घेतला. हरले, असं तिला वाटलं. इतक्या परक्या पोरांना तिने समुद्र, डोंगर, जिथे म्हणतील तिथे पोचवलं, आणि स्वतःची भाची गावातल्याच कॉलेजात जाऊन आयुष्यभर खिडकीतून बघत बसणार. वाडगा मांडला, नाव लिहिलं, तेही या पोरीच्या डोक्याने. तरी वहिनीच्या मनातलं पाणी हललं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इन्सुकलाही आता ते ऐकू यायला लागलं होतं.

दाराखालच्या फटीत उजेड पडला.

बाहेरच्या दाराशी, जिथे चपला काढतात, तिथला दिवा माणसाची चाहूल लागली की आपोआप लागतो. सगळ्यांनी त्या उजेडाकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे, कोण कमी आहे ते बघायला. कुणीच कमी नव्हतं.

"वारा असेल," दादा म्हणाला. "दार उघडं आहे ना. कोट हलला असेल."

दिवा थोड्या वेळाने विझतो, तसा विझला. आई मान तिरकी करून ऐकत होती. इन्सुकने स्वतःला बजावलं, शेजाऱ्यांची लिफ्ट, कोट, वारा. नूडल्सचा वास फटीतून आत आला होता, अंड्याचा आणि तिखटाचा. तिला आठवलं की होजिन पातेल्यातूनच खायचा, थंड होईपर्यंत त्याला धीर नसायचा.

बैठकीतून ठसका आला.

खाकरणं नव्हतं ते. तिखट घशात गेल्यावर लागतो तसा ठसका, अनावर, एकामागून एक, मध्येच दाबल्यासारखा आणि दाबून न दबलेला. तरुण मुलाचा. इन्सुकने दादाकडे पाहिलं. त्याने खाकरायला तोंड उघडलं होतं आणि ते तसंच उघडं राहिलं होतं. येरिनने आत्याचा हात पकडला. तिची बोटं बर्फ झाली होती.

ठसका थांबला. जमिनीवर चमचा ठेवल्याचा बारीक आवाज आला.

"अजून घाईने खातो," आई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज रोजचा होता, स्वयंपाकघरातला. "कुणीतरी पाणी नेऊन द्या त्याला."

मग वहिनीने एप्रनच्या खिशात हात घातला. फोन काढला. अंगठा दोनदा सरकला. येरिनने फोन धरला, तेव्हा बसला. लॅपटॉपवर हिरवी खूण आली, अर्ज मिळाला म्हणून.

"झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं, आई. पण तू तर..."

"तिथे नाहीत ते. घरी आलेत." वहिनीने पाण्याचं भांडं उचललं आणि ती उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, मी नेते," इन्सुक म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

"नको, ताई. आत्तापर्यंत मी त्यांना काय काय म्हटलं. माझ्या पोरीला न्यायला बसलेत म्हटलं." तिने कोपराने दार ढकललं. "मीच देते."

ती बाहेर गेली. दार तिच्यामागे अर्धं मिटलं. चपलांपाशी दिवा लागला नाही, अंधारच राहिला, आणि मेणबत्त्यांच्या उजेडात तिची सावली खाली बसताना दिसली. मग तिचा आवाज आला, दाराशी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा, किंचित लाजरा. लग्नानंतर इतक्या वर्षांत या नात्याने ती त्याला पहिल्यांदाच हाक मारत होती.

"भावजी, पाणी घ्या. आणि सावकाश जेवा. घाई कुठे आहे?"